पार्लरच्या क्रीमचा स्वस्तपणा



चेहरा उजळण्यासाठी ‘महागड्या लेसरपेक्षा पार्लरचं क्रीम बरं’ हा गेल्या अंकातील पत्रातला सल्ला घातक आहे.

अकोल्यातल्या आई आणि दोन मुलींना असंच क्रीम वापरून मूत्रपिंडाचा आजार जडला. २०२३ साली हे प्रकरण गाजलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात क्रीम तपासलं, तर त्यात पारा! पारा मेलॅनिन रोखतो म्हणून चेहरा उजळतो, पण तोच त्वचेतून शरीरात भिनतो. कायद्याची मर्यादा दहा लाखांत १ भाग, तीही नकळत मिसळलेल्या पाऱ्यापुरती.

लेसर, खोल केमिकल पीलही सरसकट नकोत; सावळ्या त्वचेवर काळे डाग उरू शकतात. कांद्याच्या रानात राबणाऱ्या पारनेर-राहुरीच्या बायांनी आधी ऊन टाळावं, सनस्क्रीन लावावं. उपचार हवाच असेल, तर लोणीच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्वचातज्ज्ञ गाठावा.

– एक वाचक, राहुरी