हौशी माणसाचा हंगाम

'हौशी' हा शब्द आपल्या गोव्यात मानाचा आहे. देवळाच्या उत्सवाला, जत्रेला, काल्याला गावागावांत रात्रभर मराठी नाटक उभे राहते ते हौशी मंडळींच्याच जिवावर. दिवसा कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणी बागायतीत. जेवणे आटोपली की देवळाच्या मंडपात तालीम. खर्च पदरचा, कपडेपट भाड्याचा, आणि एवढे करून प्रयोग बहुधा वर्षातून एकच. तरीही "यातून तुला मिळते काय?" असे त्या नटाला गावात कुणी विचारत नाही.

त्याच गावातला दुसरा एखादा पहाटे चारला उठून सायकल काढतो, भर पावसात डोंगर धावत चढतो, रविवारी चिंचोळी होडी घेऊन खाडीत शिरतो, तेव्हा मात्र प्रश्न ठरलेला असतो. "कित्याक रे हें सगळें? कोण पयशे दिता तुका?"

मला हे दोघे सख्खे भाऊ वाटतात. आपल्या भाषेनेही नाते ओळखले आहे. तालीम नाटकाची असते आणि पैलवानांच्या आखाड्यालाही आपण तालीमच म्हणतो. दोघेही पोटासाठी काही करत नाहीत, दोघांनाही घरची माणसे कंटाळलेली असतात, आणि दोघांनाही हंगाम असतो. नटाचा हंगाम देवस्थानच्या पंचांगाने ठरतो. या धावणाऱ्या, वल्हवणाऱ्या, डोंगर चढणाऱ्या माणसाचा हंगाम कुणी ठरवायचा? प्रश्न वाटतो तितका साधा नाही, कारण तो चुकला की माणसे मरतात.

आधी या मंडळींचे वर्ष कसे जाते ते पाहू.

पाऊस सरला, भात कापून झाले की सायकली बाहेर पडतात. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांत 'ब्रेव्हे' नावाचा एक प्रकार आहे. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 400 सत्तावीस तासांत आणि 600 चाळीस तासांत पुरे करायचे. पहिला-दुसरा क्रमांक नाही. वेळेत आलेले सगळे सारखेच. वाटेत पंक्चर झाले तर आपले आपण काढायचे, भूक लागली तर टपरीवर थांबायचे. 1 नोव्हेंबर ते 31 ऑक्टोबर या त्यांच्या वर्षात चारही पल्ले पुरे करणाऱ्याला 'सुपर रँडोनर' म्हणतात. पत्रादेवीपासून पोळेपर्यंत अख्खा गोवा ओलांडायला दीडशे किलोमीटरही लागत नाहीत. म्हणजे आपल्या माणसाला यासाठी सिंधुदुर्गात तरी उतरावे लागते, नाहीतर कारवार, बेळगाव तरी गाठावे लागते. आमच्या आजोबांच्या पिढीला ही गावे सोयरिकीमुळे आणि बाजारामुळे ठाऊक होती. या पोरांना ती चढ-उतारांनी ठाऊक झाली आहेत. हेही एक नातेच.

हिवाळ्यात नि उन्हाळ्याच्या सुरुवातीला होड्या. साळ नदीत, शापोरात, मांडवी-जुवारीच्या फाट्यांत आता रंगीत 'कयाक' दिसू लागल्या आहेत. यातले खरे शिक्षण हाताचे नाही, घड्याळाचे आहे. मांडवीच्या मुखापासून जवळजवळ 50 किलोमीटर आतपर्यंत भरती जाणवते आणि तिची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. भरतीबरोबर वर जावे, सुकतीबरोबर खाली यावे, हे ज्याला समजले त्याचे अर्धे श्रम वाचतात. ज्याला समजले नाही तो खारफुटीच्या एखाद्या फाट्यात चिखलात रुतून सहा तास भरतीची वाट पाहत बसतो. आपल्या पागी लोकांना आणि खाजन शेतीची मानस उघडणाऱ्या-मिटणाऱ्यांना हे गणित पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ आहे. कुंभारजुव्याच्या खाडीत मगरी आहेत हेही त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. बोरीच्या बाजूला पौषातल्या अमावास्येला चिखलाची मगर करून पुजण्याची 'मांगे थापणी' अजून होते. ज्याच्या पाण्यात रोज उतरायचे त्याच्याशी सलोखा ठेवायचा, एवढा त्याचा अर्थ मला कळतो.

मग मे महिना. ज्यांना डोंगराचे वेड आहे ते रजा साठवून उत्तरेकडे जातात. उत्तरकाशी, मनाली, दार्जिलिंग इथल्या गिर्यारोहण संस्थांमध्ये जवळजवळ 4 आठवड्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम असतो. बर्फावर चालणे, कुऱ्हाड वापरणे, दोराला दोर बांधून घेणे हे सारे तिथे शिकवतात. पण तिथून आलेल्या मंडळींशी बोललो तेव्हा कानात राहिली ती दुसरीच गोष्ट. परतीची वेळ आधी ठरवायची. ती झाली की माथा हाताच्या अंतरावर असला तरी पाठ फिरवायची. दुपारी बर्फ भुसभुशीत होतो, ढग चढतात, पाय थकतात, आणि बरेच अपघात उतरताना होतात. 'परत फिरणे' हा तिथे अभ्यासाचा विषय आहे, लाज वाटण्याचा नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात मिरामारचा सोहळा. 20 ऑक्टोबर 2019 रोजी 'आयर्नमॅन 70.3' ही स्पर्धा पहिल्यांदा गोव्यात झाली. 1.9 किलोमीटर समुद्रात पोहायचे, 90 किलोमीटर सायकल, 21.1 किलोमीटर धावणे, आणि हे तिन्ही एका दमात. कोविडच्या 2 वर्षांनंतर 2022 पासून ती पुन्हा होऊ लागली. तिच्यामुळे गोव्यात कितीतरी माणसे पोहायला शिकली, चाळिशीत सायकलवर बसली. याचे श्रेय द्यायलाच हवे. पण ती प्रवेश फी, ती कार्बनची सायकल, ते बूट... सगळ्यांना परवडणारे नव्हे. आणि दुसरे असे की तिथे रस्ता मोकळा करून मिळतो, समुद्रात जीवरक्षकांच्या होड्या उभ्या असतात, दर काही अंतरावर पाणी नि केळी हातात येतात. हा 'प्रयोग' आहे. प्रयोगाला पडदा, प्रकाश, मेकअप लागणारच. घोटाळा होतो तो नटाने तालमीलाही तेच मागितले की. धबधब्यावर जीवरक्षक नसतो, आणि व्हाळाला कुणी वेळापत्रक कळवलेले नसते.

आणि इथे येतो पावसाळा. आमच्या हौशी मंडळींचा सर्वांत लाडका आणि सर्वांत घातकी हंगाम. हवा गार, सडे हिरवे, सत्तरी-सांग्यातला प्रत्येक डोंगर पांढऱ्या रेघांनी भरलेला. घरात बसवत नाही हे मी समजू शकतो. पण जुलै 2023 मध्ये नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले. लगेच वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली. पुढच्याच रविवारी दूधसागरला निघालेल्या झुंडी रेल्वेने अडवल्या, काहींना उठाबशा काढायला लावल्या, आणि ती चित्रे देशभर फिरली. वर्षभराने, जुलै 2024 मध्ये, सत्तरीतल्या पाली धबधब्यावर गेलेले ऐंशीच्या आसपास लोक व्हाळाचे पाणी चढल्याने पलीकडे अडकले. अग्निशमन दलाने आणि पोलिसांनी त्यांना बाहेर काढले. पुन्हा बंदीची चर्चा, पुन्हा दोषारोप.

यावर आपल्याकडे दोनच पक्ष दिसतात. एक म्हणतो, सरसकट बंद करा. दुसरा म्हणतो, निसर्ग काय सरकारच्या मालकीचा आहे? मला दोघेही एकाच चुकीचे वाटेकरी वाटतात. एकाला ती जागा धोक्याची फाईल दिसते, दुसऱ्याला फुकटचे मैदान. तिथे बारा महिने राहणारा माणूस दोघांच्याही खिजगणतीत नाही.

पालीच्या किंवा नेत्रावळीच्या म्हाताऱ्या माणसाला विचारून पाहा. व्हाळाचे पाणी चढते कसे? खाली ऊन पडलेले असते, पण घाटमाथ्यावर तासाभरापूर्वी सर कोसळून गेलेली असते. ते पाणी खाली यायला वेळ लागतो. आधी आवाज बदलतो. मग नितळ पाणी तांबूस होते, पालापाचोळा, काटक्या वाहत येतात. एवढे दिसले की काठ सोडायचा, सामान राहिले तर राहू द्यायचे. धबधब्याखालच्या कोंडीत फेसाळ पाणी असते तिथे पट्टीचा पोहणाराही तरत नाही, कारण त्या पाण्यात निम्मी हवाच असते, ती अंगाला उचलून धरत नाही. वर पडणारी धार पुन्हा पुन्हा खाली दाबते. मिरामारला 2 किलोमीटर पोहणाऱ्या माणसाला हे ठाऊक असेलच असे नाही. गुरे राखणाऱ्या पोराला ठाऊक असते.

आणि हे केवळ पावसापुरते नाही. सत्तरीत 2015 पासून माकडतापाने माणसे दगावली आहेत. हा रोग गोचिडीतून येतो आणि त्याचे दिवस म्हणजे नेमके थंडी सरतानाचे आणि काजूचे. याच दिवसांत आपले रानवाटांवर धावणारे उघड्या पिंडऱ्यांनी पाचोळा तुडवत जातात. ज्या बागायतीतून ती वाट जाते तिचा धनी काजू वेचायला जाताना काय अंगात घालतो, घरी परतल्यावर काय करतो, हे उभे राहून विचारायला 5 मिनिटे लागतात. पण मनगटावरचे घड्याळ थांबवायला जिवावर येते!

हंगाम पाळणे ही आपल्याला परकी गोष्ट नाही. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. कायदा पुष्कळ पुढचा. त्याच्या आधीपासून नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यावर न जाण्याची रीत होती. त्या बंदीमुळे रापणकाराला कुणी भित्रा म्हटले नाही. दर्या खवळलेला असतो, मासळी अंड्यांवर असते, जाळी विणायची असतात. बंदीला कारण होते आणि ते सगळ्यांना समजलेले होते, म्हणून ती टिकली. धबधब्यांवरच्या फतव्यांमागे कारण असते, पण ते समजावण्याचे कष्ट कुणी घेत नाही. म्हणून चौकीवरचा रक्षक दिसेनासा झाला की आडवाटेने माणसे शिरतात. आणि आडवाटेने गेलेला माणूस अडकला तर तो गेलाय हेदेखील कुणाला ठाऊक नसते.

वनखात्याची बाजू मला कळते. रक्षक थोडे, जंगल मोठे, आणि रविवारी येणाऱ्या गर्दीत हौशी खेळाडू कमी, बाटल्या घेऊन आलेलेच जास्त. शिवाय काही जागा कायमच्या मिटूनच ठेवायला हव्यात. जनावरांनाही त्यांचा हंगाम असतो. पण उरलेल्या ठिकाणी गावातल्याच माणसांना वाटाडे म्हणून उभे करता येईल. त्यांना रोजंदारी मिळेल, आत किती गेले नि किती परतले याची वही राहील, आणि 'आज पाणी बरे नाही' असे ते म्हणाले की त्या दिवशी वाट बंद. हा निर्णय पणजीत बसून महिनाभर आधी घ्यायचा नसतो. तो सकाळी व्हाळाच्या काठावर घ्यायचा असतो. दूधसागरला जीपवाल्यांची सोय लावता येते, तर पायी जाणाऱ्यांची का लावता येऊ नये?

आणि हौशी मंडळींनाही माझे मागणे आहे. तुम्ही अंगमेहनतीने हा प्रदेश जाणता. चोर्ल्याचा चढ किती दम काढतो, तांबडी सुर्लाच्या महादेवापाशी पहाटे किती गारवा असतो, हे गाडीच्या काचेतून पाहणाऱ्याला कळणार नाही. डोंगर कापला गेला, खाजनाचा बांध फुटला, व्हाळात कुणी गटार सोडले, तर पहिल्यांदा तुमच्याच डोळ्यांना दिसणार. म्हणून तुमच्या शब्दाला वजन यायला हवे. ते पदकांच्या छायाचित्रांनी येणार नाही. गावात थांबून, चहा घेऊन, 'बाबा, आज वर जाऊ का?' असे विचारण्याने येईल. आणि त्याने 'नाका' म्हटले तर मुकाट्याने सायकल वळवण्याने येईल. हिमालयात प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून माथ्याखालून परत फिरता, तर सांग्यातल्या काकांच्या सांगण्यावरून का फिरू नये? त्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही एवढाच काय तो फरक.

आपल्या हौशी नटांत एक शिस्त मी लहानपणापासून पाहत आलो आहे. कितीही मोठा नट असो, रंगमंचावर पाऊल ठेवण्याआधी तो वाकून त्या फळ्यांना हात लावतो. जागा आपली नाही, आज रात्रीपुरती मिळाली आहे, हे त्यात येते. डोंगरात नि पाण्यात शिरतानाही एवढे भान राहिले, तर वाटा उघड्या राहतील. पुढचा पाऊस जूनमध्ये येईलच. त्याआधी तुमच्या जवळच्या व्हाळाकाठचा एक जाणता माणूस शोधून ठेवा, आणि पोरांनाही त्याच्याकडे घेऊन जा.