विश्लेषण : चित्रप्रदर्शन संपल्यावरही कॅटलॉग महत्त्वाचा का?

नागपुरात जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं मोठं प्रदर्शन २०१४-१५ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात झालं. ते संपलं, चित्रं आपापल्या मालकांकडे परतली. एकत्र उरली ती कॅटलॉगमध्ये.

कॅटलॉगमध्ये काय असतं?
चित्रांच्या छायाचित्रांसोबत साल, माध्यम, आकार, मालकी यांच्या नोंदी आणि अभ्यासकांचे लेख. २०१३ मध्ये मुंबईतल्या लिलावात गायतोंडेंचं एक चित्र २३.७ कोटींना गेलं. एवढी किंमत असताना अस्सल-नक्कल ठरवायला या नोंदी कामी येतात.

नांदेड-लातूरला काय फरक पडतो?
मुंबईतलं राष्ट्रीय आधुनिक कला दालन लातूरपासून सुमारे ५०० किलोमीटरवर. इथल्या कला विद्यार्थ्यासाठी कॅटलॉग हेच प्रदर्शन. पण तो बहुधा इंग्रजीत आणि महाग. गुगेनहाइमने जुने दोनशेहून अधिक कॅटलॉग ऑनलाइन मोफत दिले आहेत. मराठी चित्रकारांचे कॅटलॉग मराठीत, असेच खुले झाले तर हे अंतर कमी होईल.