सोन्याने मढलेली श्रद्धा

घटस्थापना झाली, अखंड दीप तेवू लागला, की घराघरांतून देवीच्या अलंकारांची पेटी उघडते. त्याच वेळी घरातला एखादा विद्याविभूषित तरुण हसून विचारतो, "मूर्तीला सोने कशाला?" विचारतो तेही इंग्रजीत, आजीला कळू नये म्हणून! हे हसू फार जुने आहे.

दक्षिण फ्रान्सच्या डोंगराळ मुलखात कोंक नावाचे गाव आहे. तेथे सांत फ्वा या ख्रिस्ती कुमारिका-संतेची मूर्ती आहे. 'फ्वा' या शब्दाचा अर्थच श्रद्धा. ही बालिका इ. स. ३०३ च्या सुमारास रोमन अमलात धर्मासाठी प्राणास मुकली, अशी परंपरा आहे. नवव्या शतकात कोंकच्या एका साधूने तिच्या अस्थी आजाँ गावातून चक्क चोरून आणल्या. मूर्तीचा गाभा लाकडाचा, वर सोन्याचा पत्रा, उंची सुमारे ८५ सेंटिमीटर. सिंहासनस्थ संतेचे मस्तक मूर्तीहूनही प्राचीन, रोमन काळातले. अंगभर भाविकांनी वाहिलेली रत्ने आहेत. तिचा उत्सव ६ ऑक्टोबरला, पुष्कळदा आपल्या नवरात्रातच येतो.

इ. स. १०१३ मध्ये बर्नार नावाचा विद्वान धर्मपंडित उत्तरेकडून तिकडे निघाला. वाटेत अशीच एक सुवर्णमूर्ती आणि तिच्यापुढे लोटांगण घालणारे खेडूत पाहून तो सोबत्याकडे वळला आणि, ही ज्युपिटरची मूर्ती की मार्सची, असे त्याने हसत विचारले. विचारले लॅटिनमध्ये! कोंकलाही त्याची वृत्ती तीच होती. पुढे मात्र त्याने लोकांकडून संतेच्या कथा ऐकल्या, आपल्या उपहासाचा पश्चात्ताप व्यक्त केला, आणि त्या कथा स्वतःच लिहून काढल्या.

त्यांतली एक आपल्या घरात सहज शोभेल. मृत्युशय्येवरील स्त्रीने आपली अंगठी संतेस वाहण्याचा संकल्प केला. पतीने ती दुसऱ्या पत्नीच्या बोटात घातली. बोट असे सुजले, की वेदना असह्य झाल्या. संतेच्या दारी आल्यावरच अंगठी निघाली. नवस चुकवू नये, हे आमच्या आजीबाईंना कोणी फ्रेंच साधूने शिकवले नव्हते.

दोन्हीकडचे सारे एकच, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. आपण मूर्तीची प्राणप्रतिष्ठा करतो. तिथे मूर्तीचे माहात्म्य तिच्या पोटातील अस्थींमुळे. अस्थी देव्हाऱ्याजवळ ठेवण्याची कल्पनाही आपणांस सोसवणार नाही! शिवाय बर्नारच सांगतो, की मठाला सोन्याची वेदी करावयाची होती तेव्हा त्या मुलखात अंगठ्या-दागिने फारसे उरले नाहीत. भयाने घेतलेले दान आम्हांस मान्य नाही, मग ते मठाने घेतलेले असो वा आपल्या एखाद्या देवस्थानाने. परंतु ज्या गृहिणीने आपल्या हातची पाटली आनंदाने देवीच्या हातात घातली, तिला हसणाऱ्यास आम्ही विचारवंत म्हणणार नाही.

१७८९ नंतरच्या राज्यक्रांतीच्या धामधुमीत फ्रान्समधील देवळांचे सोने-रुपे वितळवले जाऊ लागले. तेव्हा कोंकच्या गावकऱ्यांनी मठाचा खजिना आपापल्या घरांत दडवला. संकट टळल्यावर तो त्यांनी परत आणून दिला. सांत फ्वा आजही त्याच गावात, आपल्या सिंहासनावर, अलंकारांसह बसलेली आहे.