स्पेनने सोडलेला, पण न सुटलेला सहारा

जनरल फ्रान्सिस्को फ्रँको यांच्या निधनाला २० नोव्हेंबर २०२५ रोजी पन्नास वर्षे पूर्ण झाली. हुकूमशाहीकडून लोकशाहीकडे झालेल्या वाटचालीचे स्मरण म्हणून स्पेन सरकारने ते संपूर्ण वर्ष विविध कार्यक्रमांनी साजरे केले. मात्र त्याच नोव्हेंबरमध्ये आणखी एका घटनेला पन्नास वर्षे झाली. १४ नोव्हेंबर १९७५ रोजी, फ्रँको मृत्युशय्येवर असताना, स्पेनने पश्चिम सहारा या आपल्या आफ्रिकी वसाहतीचा कारभार मोरोक्को व मॉरिटानिया यांच्याकडे सोपविण्याचा करार माद्रिद येथे केला. सार्वमताचे दिलेले आश्वासन तसेच राहिले. रक्तपाताविना झालेले सत्तांतर म्हणून स्पेनचा जो गौरव होतो, त्याचा हिशेब करताना ही बाजू सहसा विचारात घेतली जात नाही.

क्युबा, पोर्तो रिको आणि फिलिपाइन्स १८९८ मध्ये हातचे गेल्यावर स्पेनच्या साम्राज्याचा उरलासुरला भाग आफ्रिकेत होता. सहाराच्या किनाऱ्यावर स्पेनने १८८४ पासून हक्क सांगितला होता. १९५८ मध्ये या प्रदेशाला स्पेनचा प्रांत म्हणून घोषित करण्यात आले. वसाहत म्हणवून घेणे अडचणीचे होऊ लागले होते. परंतु संयुक्त राष्ट्रसंघाने १९६३ मध्ये त्याची नोंद स्वशासन नसलेल्या प्रदेशांच्या यादीत केली. पुढे बू क्रा येथील खाणींतून फॉस्फेट निघू लागले आणि या वाळवंटाचे मोल वाढले. १९७३ मध्ये स्वातंत्र्यासाठी पोलिसारियो आघाडी स्थापन झाली.

येथे शेजारच्या पोर्तुगालची आठवण होणे अपरिहार्य आहे. २५ एप्रिल १९७४ रोजी लष्करातील तरुण अधिकाऱ्यांनी लिस्बनमधील हुकूमशाही उलथून टाकली. वसाहतींतील युद्धांना कंटाळूनच त्यांनी हे पाऊल उचलले होते, त्यामुळे साम्राज्याचे विसर्जन हा त्या क्रांतीचा गाभाच ठरला. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला होता, तरी पोर्तुगालने त्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते या क्रांतीनंतर, १९७४ च्या अखेरीस झालेल्या करारान्वये. अर्थात पूर्व तिमोरच्या बाबतीत पोर्तुगालचेही हात स्वच्छ राहिले नाहीत. तरीही फरक महत्त्वाचा आहे. पोर्तुगालमध्ये राजवट कोसळली व तिच्याबरोबर साम्राज्य गेले. स्पेनमध्ये मात्र जुन्या राजवटीनेच, आपल्या अखेरच्या दिवसांत, वसाहतीचा निकाल लावला.

तो निकाल कसा लागला, हे पाहण्याजोगे आहे. १९७४ च्या स्पॅनिश जनगणनेत सुमारे ७४ हजार साहरावींची नोंद झाली होती व पुढील वर्षी सार्वमत घेण्याचे स्पेनने जाहीर केले होते. १६ ऑक्टोबर १९७५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपले सल्लागार मत दिले. काही टोळ्यांची मोरोक्कोच्या सुलतानाशी निष्ठा होती, परंतु त्यावरून प्रादेशिक सार्वभौमत्व सिद्ध होत नाही व स्वयंनिर्णयाच्या तत्त्वाला बाधा येत नाही, असा त्याचा आशय होता. मोरोक्कोचे राजे दुसरे हसन यांनी त्याच दिवशी ‘हरित मोर्चा’ची घोषणा केली. ६ नोव्हेंबरला सुमारे साडेतीन लाख निःशस्त्र नागरिक सीमेकडे निघाले. त्याआधी चारच दिवस हंगामी राष्ट्रप्रमुख या नात्याने युवराज हुआन कार्लोस एल आयूनला जाऊन आपल्या सैन्याला धीर देऊन आले होते. आठवड्याभरात करार झाला. राजधानीत सत्तेची पोकळी असताना वाळवंटासाठी युद्ध ओढवून घेण्याची माद्रिदची तयारी नव्हती, हे समजण्यासारखे आहे. पण त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. फेब्रुवारी १९७६ मध्ये स्पेन बाहेर पडला, युद्ध पेटले आणि हजारो साहरावी अल्जीरियातील तिंदूफच्या छावण्यांत गेले.

कायद्याच्या दृष्टीने प्रश्न तेथेच थांबलेला नाही. माद्रिद कराराने सार्वभौमत्वाचे हस्तांतर झाले नाही, असे मत संयुक्त राष्ट्रसंघाच्या कायदा विभागाचे प्रमुख हान्स कोरेल यांनी २००२ मध्ये नोंदवले. साहरावी जनतेच्या संमतीअभावी युरोपीय संघ व मोरोक्को यांच्यातील व्यापारी करार ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने अवैध ठरवले. राजकारणाचा ओघ मात्र उलट दिशेने आहे. मार्च २०२२ मध्ये स्पेनने मोरोक्कोच्या स्वायत्तता योजनेला पाठिंबा दिला. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २७९७ अन्वये तीच योजना वाटाघाटींचा आधार मानली. ठरावाच्या बाजूने अकरा मते पडली. रशिया, चीन व पाकिस्तान तटस्थ राहिले आणि अल्जीरियाने मतदानात भाग घेतला नाही.

भारताने साहरावी प्रजासत्ताकाला १९८५ मध्ये मान्यता दिली होती व २००० मध्ये ती मागे घेतली. खतांसाठी लागणाऱ्या फॉस्फेटच्या बाबतीत मोरोक्को हा भारताचा मोठा पुरवठादार आहे, हेही या संदर्भात लक्षात ठेवावे लागते.

सार्वमत घेण्यासाठी १९९१ मध्ये नेमलेल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या मोहिमेला याच ठरावाने ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ दिली. ते सार्वमत आजवर झालेले नाही. तिंदूफच्या छावण्यांत जन्मलेल्यांची आता तिसरी पिढी वाढत आहे.