हशा तुमचा, सीन कुणाचा?

वर्कशॉपच्या तिसऱ्या रविवारी मी एका सीनचा खून केला आणि वर टाळ्या घेतल्या.

समोरची मुलगी खुर्चीत बसली, मांडीवर न दिसणारी फाईल उघडली आणि म्हणाली, "दादा, बाबांचं घर विकायच्या कागदांवर फक्त तुझी सही राहिलीय." एका वाक्यात तिनं बहीण-भाऊ दिले, घर दिलं, बाबा बहुधा नाहीत हेही दिलं. मी म्हणालो, "कुठल्या हातानं करू? मी ऑक्टोपस आहे!" खोली हसली. ती नाही हसली. पुढची दोन मिनिटं ती बिचारी ऑक्टोपसला प्रश्न विचारत राहिली आणि मी हात हलवत राहिलो. शिकवणाऱ्यानं "मस्त एनर्जी" म्हटलं.

माझं भांडण त्या "मस्त एनर्जी"शी आहे. लाँग फॉर्म इम्प्रोव्ह शिकायला येणाऱ्याला आपण पहिल्या दिवसापासून हजरजबाबी व्हायला शिकवतो. म्हणजे नेमकं उलटं शिकवतो.

डेल क्लोज या माणसानं 'हॅरॉल्ड' हा प्रकार 1967 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केला आणि पुढे शिकागोत वाढवला. प्रेक्षकांकडून एक शब्द घ्यायचा आणि त्यावर साधारण अर्धा तास खेळायचं. तीन सीन येतात, मध्ये सगळ्यांचा मिळून एखादा खेळ, मग तेच सीन पुन्हा येतात आणि शेवटी एकमेकांत गुंततात. अर्ध्या तासानं परत येण्यासारखं काहीतरी पहिल्या तीन मिनिटांत उभं राहायला हवं ना? ऑक्टोपस परत आला तर काय करणार? आणखी हात हलवणार. 1994 साली क्लोज, चार्ना हॅल्पर्न आणि किम जॉन्सन यांचं 'ट्रुथ इन कॉमेडी' आलं. 'विनोदातलं खरं' हे पुस्तकाच्या नावातच आहे, तरी वर्कशॉपमध्ये त्यातलं फक्त 'येस अँड' पोचलं. तेही मोडक्या अवस्थेत, ऑफिसातल्या टीम-बिल्डिंगच्या घोषणेसारखं. 'येस' म्हणजे प्रत्येक गोष्टीला मान डोलावणं नव्हे. "मी सही करणार नाही" हेसुद्धा 'येस'च आहे, कारण त्यात घर, कागद, बहीण सगळं मान्य आहे. नकार ऑक्टोपसमध्ये होता.

आता तोच सीन बघा. भाऊ म्हणतो, "हो, देतो की. निळं पेन चालेल ना?" बहीण म्हणते, चालेल. "नाही, काळंच लागत असेल. विचारून घे." मग त्याला नावाच्या स्पेलिंगची शंका येते. मग हात धुवायचे असतात. सही सोडून बाकी सगळं मनापासून करणारा माणूस सापडला. यालाच सीनचा 'गेम' म्हणतात. दुसऱ्या फेरीत हाच माणूस स्वतःच्या लग्नाच्या रजिस्टरसमोर उभा करा. इथे कुणीही जोक केला नाही, आणि लोक हसतील, कारण असा एक दादा प्रत्येकाच्या घरात आहे.

"आपल्याकडे हे होतंच की," असं कुणीतरी म्हणणारच. कोकणातल्या दशावतारात लिहिलेली संहिता नसते, नट संवाद रंगमंचावरच रचतात, हे खरं. पण तिथे आख्यान ठरलेलं असतं, पात्रं पुराणातली असतात. एखादा नट घसरला तरी कथा त्याला धरते. लाँग फॉर्ममध्ये धरायला समोरच्याचं शेवटचं वाक्य तेवढं असतं. ते ऐकलंच नाही तर परंपरेचा अभिमान कुठे टेकवणार?

रील्समुळे हे आणखी बिघडलंय. तीस सेकंदांत पंच बसतो. बहिणीचं ऐकणारा भाऊ मावत नाही. म्हणून पंचच शिकले जातात.

चौथ्या रविवारी ती मुलगी आली नाही. ग्रुपवर मात्र कुणीतरी ऑक्टोपसची क्लिप टाकली होती. त्या महिन्यात सगळ्यात जास्त हार्ट त्या क्लिपलाच पडले.