दोष गोळीचा की गटाराचा?



‘बायकांच्या गोळ्यांमुळे नर मासे बायकी होऊ लागले’ अशा अर्थाच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. वाचणारे गालात हसतात आणि पाणी नासवल्याचा आरोपही बाईच्याच पदरात पडतो. म्हणून या प्रश्नाकडे आपण नीट पाहायला हवे.

आधी जे खरे आहे ते मान्य करू. घेतलेले औषध शरीरात पूर्ण जिरत नाही. त्याचा काही अंश लघवी-विष्ठेवाटे बाहेर पडतो. सांडपाणी शुद्ध करणारी नेहमीची केंद्रे घाण कमी करण्यासाठी बांधलेली असतात, औषधांचे अंश त्यांतून बरेचदा निसटतात. ब्रिटनमध्ये असे पाणी सोडले जाते त्या जागी पिंजऱ्यात ठेवलेल्या नर माशांच्या रक्तात अंड्याच्या बलकाचे प्रथिन सापडल्याचे १९९४ साली प्रसिद्ध झाले. एरवी ते माद्यांच्या शरीरात तयार होते. पुढे मर्सी आणि टाईन या नद्यांच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यातल्या माशांतही तेच आढळले. कॅनडात कॅरन किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात एका तळ्यात गोळीतले कृत्रिम इस्ट्रोजेन मिसळले. प्रमाण लिटरला जेमतेम ५-६ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा काही अब्जांशच. तरीही तिथली छोट्या माशांची एक जात जवळजवळ नाहीशी झाली. नैराश्यावरच्या फ्लुओक्सेटिन या औषधाचेही तसेच. त्याच्या अत्यल्प अंशाने किनाऱ्यावरचे कोळंबीसारखे बारीक जीव अंधार सोडून उजेडाकडे पोहू लागतात आणि आयतेच भक्ष्य होतात, असे पोर्टस्मथच्या संशोधकांना २०१० साली आढळले.

तेव्हा धोका खरा आहे. पण तो बाईच्या माथी का? कॅलिफोर्निया विद्यापीठातील ट्रेसी वुड्रफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास तपासून दाखवले, की पाण्यातल्या इस्ट्रोजेनमध्ये गोळीचा वाटा लहान आहे. स्त्री-पुरुषांच्या आणि गुराढोरांच्या शरीरातून नैसर्गिकपणे बाहेर पडणारे इस्ट्रोजेन आणि कारखान्यांची, शेतीची रसायने हे इतर स्रोत त्याहून मोठे. आपल्या देशात तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ ३८ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली, गोळी घेणाऱ्या साधारण ५ टक्के आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के! कुटुंबनियोजनाचा सगळा भार बाईने वाहायचा, आणि त्याचा मैला कुठे गेला याचा जाबही तिनेच द्यायचा?

ही औषधकंपन्यांची वकिली नव्हे. नेट-एन या इंजेक्शनाविरुद्ध १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या त्या स्त्री-संघटनाच. बाईच्या शरीरात काय जाते हे आपण विचारत आलो. आता कारखान्याच्या नळातून काय बाहेर पडते हेही विचारायला हवे.

हैदराबादजवळच्या पटानचेरू येथे सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी घेणाऱ्या प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडले, असे स्वीडिश संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केले. रोग्याच्या रक्तातही औषध इतके नसते. असे पाणी ओढ्यातून नदीत आणि नदीतून समुद्रात जाते. तरी प्रतिजैविकांच्या अंशांवर मर्यादा घालणारा जो मसुदा केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये काढला, त्यातल्या त्या मर्यादा २०२१ च्या अंतिम नियमांतून गळून गेल्या.

आपल्या किनाऱ्यावर तारापूरला औषधे, रसायने, रंग बनवणारे कारखाने आहेत. तिथल्या सांडपाण्याविरुद्ध मांगेला समाजाच्या परिषदेने २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि २०२२ साली लवादाने कारखान्यांना भरपाईचा आदेश दिला. मासळी घटली की होडी किनाऱ्याला लागते, हे सर्वांना दिसते. पण मासळी निवडणारी, सुकवणारी, पाटी घेऊन बाजारात बसणारी बाई भरपाईच्या कुठल्या यादीत असते? तिच्या नावावर ना होडी, ना परवाना.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील औषधांच्या अंशांवर कायद्याने मर्यादा घाला. त्याच्या तपासणीचे आकडे मराठीत, गावाच्या चावडीवर लावा. मासळी विकणाऱ्या, सुकवणाऱ्या स्त्रियांची नोंद करून त्यांना भरपाईत स्वतंत्र वाटा द्या. आणि शुद्धीकरणाचा खर्च नफा कमावणाऱ्यांकडून घ्या. युरोपीय संघाने २०२४ साली केलेल्या कायद्यात हे सूक्ष्म अंश काढण्याच्या खर्चापैकी निदान ८० टक्के भार औषध आणि सौंदर्यप्रसाधन उत्पादकांवर टाकला आहे. तिथे हे मागता येते, तर इथे का नाही?

कॅनडातल्या त्या तळ्यात औषध टाकणे थांबले आणि काही वर्षांत मासे पुन्हा वाढले. नळ बंद केला तर पाणी सावरते. तो कोणाच्या हातात आहे, हे ओळखून त्या हाताशी आपल्याला भांडायचे आहे. किनाऱ्यावरच्या मैत्रिणींनी आपले अनुभव आम्हाला जरूर कळवावेत.

— संपादक मंडळ