दुखवट्याच्या ठरावापलीकडे
धंद्यांतील वडीलधारा माणूस निवर्तला म्हणजे आपण दुखवट्याचा ठराव करतों, तसबिरीस हार घालतों आणि मोकळे होतों. हें मला पटत नाहीं. २६ सप्टेंबर १९५६ रोजीं लक्ष्मणराव किर्लोस्कर वारले, तेव्हां कित्येकांचा गुरु हरपला. लोखंडी नांगरानें जमीन विषारी होते असें समजणाऱ्या शेतकऱ्यांस त्यांनीं नांगर विकला. १९१० सालीं कुंडल रोडच्या माळावर कारखाना मांडून, पदवी न पाहतां माणसें हाताशीं धरिलीं. अशी विद्या दप्तरांत सांपडत नाहीं, हें दप्तरांत जन्म घालविलेला मनुष्य सांगत आहे. गुळाचा रवा कसा पारखावा, उधारी कोणास नाकारावी, हें जाणणारा वृद्ध व्यापारी आपल्या गांवीं हयात असेल, तर तरुण भागीदारांनीं त्याजपाशीं बसून तें आतांच उतरून घ्यावें.